बांधावरचे वस्ताद

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. त्या नगराला चेंडूचं वेड होतं. चामड्याचा, आत गच्च कापूस भरलेला चेंडू. हात न लावता, नुसत्या पायानं तो समोरच्यांच्या दोन बांबूंमधून पार करायचा. आपण आज त्याला गोल म्हणतो. तेही तसंच म्हणत असतील, असं धरून चालू.

मैदानाच्या कडेनं मातीचा लांबलचक बांध होता. सामना असला की सगळं नगर त्या बांधावर. दुकानं बंद, चुली थंड, तान्ही पोरंसुद्धा काखेत. मैदान आणि संघ दोन्ही नगरशेठच्या मालकीचे, पण जीव टाकायचा तो बांधानं.

बांधावरचा सगळ्यांत मोठा आवाज ठकूबाई कासारणीचा. गल्लोगल्ली बांगड्या विकून तिचा गळा असा तयार झाला होता, की ती या टोकाला ओरडली तर त्या टोकाची माणसं दचकायची. तिचा लेक दौलू संघात सगळ्यांत पुढे खेळायचा. दौलूनं गोल केला की ती शेजारणीला मिठी मारायची, मग त्या शेजारणीशी भांडण असलं तरी.

संघाला खेळ शिकवणारे वस्ताद तीस वर्षं एकच होते. पोरं त्यांना बापासारखी मानत. म्हातारे झाले तरी ते रोज पहाटे मैदानावर हजर असत.

एका वर्षी जुने नगरशेठ वारले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. मुलगा वाईट नव्हता. पण त्याला हत्तींची हौस होती, आणि हत्तींना जागा लागते. त्यानं दवंडी पिटली, की मैदानावर हत्तीखाना बांधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ मैदानावर येऊन बघतो, तर सगळं नगर मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसलेलं. तीन दिवस कुणी उठलं नाही. भाकऱ्या तिथेच, झोप तिथेच.

ठकूबाई म्हणाली, "शेठजी, आमच्या पोरांनी खेळायचं कुठं? तुमच्या हत्तीच्या पाठीवर?"

सगळे हसले. शेठलाही हसू आलं, पण तो मालक होता, हरला असं दिसणं त्याला परवडणारं नव्हतं. तो म्हणाला, "बरं, राहू दे मैदान. पण यंदाचा शेवटचा सामना तळ्यापलीकडच्या नगराशी आहे. त्यात आपण हरलो, तर हत्तीखाना होणार. मग कुणी बसायचं नाही."

"कबूल!" बांध गरजला.

हे बांधानं फार चांगलं केलं, आणि ते मी मोकळेपणानं सांगतो. मालक चुकला तर त्याला अडवायलाच हवं. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. शेठ बांधाला भिऊ लागला, आणि बांधाला आपल्या आवाजाची गोडी लागली.

त्याच वर्षी वस्तादांची नजर गेली. त्यांना समोरचे बांबू दिसेनात. ते म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत न्हाई. माझ्यामागं हैबतीनं संघ बघावा."

हैबती हा चेंडू शिवणारा. वीस वर्षं वस्तादांच्या सोबत राहिलेला. कुठल्या पोराचा कुठला गुडघा दुखतो, कोण रागावल्यावर चांगलं खेळतो आणि कोण गोंजारल्यावर, हे त्याला पाठ होतं. नाव हैबती, पण आवाज असा, की हाक मारली तर मांजरानं कान हलवू नये.

हैबतीनं पोरांना चेंडू पटापट एकमेकांकडे द्यायला शिकवायला घेतलं. नवी रीत अंगवळणी पडायला वेळ लागतोच. पहिला सामना हरले. दुसराही हरले.

"अरं हैबत्या," ठकूबाई ओरडली, "चेंडू शिवता येतोय तर शिवत बस की! वस्ताद व्हायला कुणी सांगितलं तुला?"

अख्खा बांध खदखदून हसला. हैबतीनं खाली मान घातली. संध्याकाळी माणसं शेठच्या दारात गेली, आणि शेठनं हैबतीला काढून टाकलं. तो गुपचूप बांधाच्या टोकाला जाऊन पुन्हा चेंडू शिवायला बसला.

मग आला मिशीवाला वस्ताद. पूर्वी सैन्यात होता. तो म्हणे, सगळ्यांनी एकदम पुढे धावा. एक सामना जिंकले, तेव्हा बांधानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढचा हरले, तेव्हा त्याच खांद्यांनी त्याला वेशीपर्यंत सोडलं. त्याच्यामागून आला एक विद्वान. तो मैदानावर चुन्यानं रेघा ओढून म्हणायचा, की ज्यानं त्यानं आपल्या रेघेवरच राहावं. तो पंधरा दिवस टिकला.

शेवटी शेठ कंटाळून म्हणाला, "आता वस्तादच नको. बांधाला सगळं कळतं ना? मग बांधच सांगेल, पोरं ऐकतील."

बांधाला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेली सांगू लागला, सोनार सांगू लागला, ज्यानं जन्मात चेंडूला पाय लावला नाही तो न्हावी सगळ्यांत जास्त सांगू लागला. कुणाच्याही मनात खोट नव्हती. प्रत्येकाला संघ आपला वाटत होता, आणि तसा तो होताही.

फक्त दौलू घरी गप्प राहू लागला. जेवताना ठकूबाई त्याला समजावायची, की बाबा, तू असं करायला हवं होतंस, तसं करायला हवं होतंस. तो मान डोलवायचा आणि ताटावरून उठायचा. पूर्वी झोपेतही पाय झाडणारं पोर आता सामन्याचा दिवस उजाडला की पोट दुखतंय म्हणायचं.

बघता बघता शेवटचा सामना आला. तळ्यापलीकडचे लोक होड्या भरभरून आले. शेठ लाकडी मंचकावर बसला. जुने वस्ताद ठकूबाईशेजारी बांधावर टेकले, दिसत नसलं तरी. पलीकडे हैबती चेंडूला टाका घालत बसला होता.

सामना सुरू झाला. थोड्याच वेळात चेंडू दौलूच्या पायाशी आला. समोरचा राखणदार घसरून पडला होता. बांबू मोकळे. लहान मूलही गोल करील अशी वेळ.

"डावीकडं मार!" अर्धा बांध ओरडला.

"उजवीकडं रं!" उरलेला अर्धा ओरडला.

आणि दौलूनं बांबूंकडे न बघता बांधाकडे बघितलं. नेमकं आईकडे. तेवढ्यात समोरच्यानं त्याच्या पायातला चेंडू काढून नेला, आणि तो थेट दौलूच्या संघाच्या बांबूंमधून पार झाला.

बांध संतापला. सगळे दौलूच्या नावानं बोटं मोडू लागले. ठकूबाई मात्र जागच्या जागी थिजली होती. लहानपणी दौलूच्या हातून बांगड्यांची टोपली सांडली होती, तेव्हा तो असाच तिच्याकडे बघत उभा राहिला होता. ते डोळे ती विसरली नव्हती.

शेजारून वस्ताद हळूच म्हणाले, "ठके, मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. आधी चेंडू एका पायावरनं दुसऱ्या पायावर कसा टपटप जायचा. आता दर खेपेला मधीच थांबतोय. त्या वेळात पोरं काय करत्यात?"

ठकूबाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आमच्याकडं बगत्यात, वस्ताद. आमाला भिऊन बगत्यात."

मध्यंतर झालं. ठकूबाई उठली आणि तरातरा हैबतीकडे गेली.

"हैबती, ऊठ. पोरांकडं जा."

हैबतीनं सुई थांबवली. "आक्का, मी गेलो न् परत चुकलं, तर परत हसशीला. माझं जाऊ द्या. पर मला काढलं त्या दिवशी पोरं रडली हुती. त्यांना दोनदा रडवायचं न्हाई मला."

ठकूबाईला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सगळ्यांदेखत हैबतीपुढे हात जोडले. "चुकलं माझं. हसले मी, आन् माझ्यामुळं सगळी हसली. आता एकबी सामना जिंकला न्हाईस, तरी माझ्या तोंडून वावगा शब्द न्हाई निघायचा."

मग ती मंचकासमोर उभी राहिली. "शेठजी, तुमी आमचं सगळं ऐकता न्हवं?"

"ऐकतो की," शेठ सावध होऊन म्हणाला. "आता काय आणखी?"

"मग ह्ये येक शेवटचं ऐका. हैबतीला वस्ताद करा, आन् त्याच्याबद्दल परत कधी आमचं ऐकू नका."

शेठ क्षणभर गोंधळला, मग त्यानं मान हलवली. खरं सांगायचं तर त्यालाही हायसं वाटलं. सगळ्यांना खूश ठेवता ठेवता तो पार थकून गेला होता.

हैबती पोरांमध्ये जाऊन बसला. त्यानं डावपेच सांगितले नाहीत. त्याच्या हलक्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "मनाला यील तसा चेंडू द्या, मनाला यील तसा मारा. चुकलं तर हैबतीनं सांगितलं हुतं म्हणा."

खेळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं चेंडू दौलूकडे आला. यावेळी तो कुणाकडे न बघता धावला, सगळा जीव लावून चेंडू मारला, आणि चेंडू बांबूच्या हातभर बाहेरून गेला.

बांधाच्या घशात शब्द आले होते. तेल्याच्या आले, सोनाराच्या आले, न्हाव्याच्या तर ओठांवर आले. तेवढ्यात ठकूबाईचा आवाज घुमला, "असू दे रं, दौलू! असू दे!"

मग सगळा बांध ओरडला, "असू दे!"

दौलू हसला. किती महिन्यांनी हसला, ते त्याच्या आईलाच ठाऊक. मग चेंडू पुन्हा टपटप पळू लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. वस्ताद डोळे मिटून ऐकत होते आणि मान डोलवत होते. ऊन उतरता उतरता दौलूनं चेंडू बाजूच्या पोराला दिला, त्यानं परत दौलूला दिला, आणि गोल झाला.

सामना बरोबरीत सुटला. जिंकले नाहीत, पण हरलेही नाहीत. शेठ शब्दाचा पक्का होता. मैदान वाचलं, आणि हत्ती होते तिथेच राहिले.

पुढे शेठ आणि बांध यांच्यात एक करार झाला. बांधाला विचारल्याशिवाय मैदान विकायचं नाही, मोडायचं नाही. आणि वस्तादाला निदान तीन वर्षं कुणी हात लावायचा नाही, शेठनं नाही आणि बांधानंही नाही. पहिल्या वर्षी हैबतीचा संघ पाच सामने हरला. बांधानं दात-ओठ खाल्ले, पण शब्द पाळला. दुसऱ्या वर्षी दोनच हरला. तिसऱ्या वर्षी तळ्यापलीकडच्या लोकांनी आपली दोन हुशार पोरं खेळ शिकायला हैबतीकडे पाठवली.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर आपली माया आहे त्याच्या पाठीशी उभं राहावं, मानगुटीवर बसू नये.