साकवाचे सांधे

कोकणातल्या एका गावी धाकू पांचाळ नावाचा एक वेल्डर राहत असे. त्याचे वेल्डिंगचे मशीन जुने होते. शहरातला एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथून त्याने ते आणले होते.

गावाच्या ओढ्यावर एक साकव, म्हणजे छोटा पायपूल, होता. त्याचा लाकडी कठडा कुजला, म्हणून पंचायतीने लोखंडी कठड्याचे काम धाकूला दिले. काम चालू असताना मशीन त्रास देऊ लागले. सकाळी ठिणगी जोरात पडे. तासाभराने मात्र रॉड लोखंडाला चिकटून बसे. गावात वीज कमी दाबाने येते, तेच कारण असेल, असे धाकूला वाटले. मशीन थोडे थंड होऊ द्यायचे आणि पुढे जायचे, असे करत त्याने कठडा पुरा केला. वर हिरवा रंग चढला. नारळ फुटला.

आठ दिवसांनी एक फाटक जोडताना मशीन पार बंद पडले. धाकूने आधी वीज तपासली. ती ठीक होती. केबल ठीक होती, होल्डरही ठीक होता. शेवटी त्याने मशीनचे झाकण उघडले. आतल्या जाड तारेचा नट ढिला झाला होता आणि तिथले तांबे जळून काळे पडले होते. मशीन तापले की हा जोड सैल होई आणि करंट निम्म्यावर येई. धाकूने तांबे घासून लख्ख केले, नवा नट घट्ट आवळला. मशीन पहिल्यासारखे चालू लागले.

तेवढ्यात त्याला साकव आठवला. साकवाचे सांधे याच मशीनने जोडले होते. कमी करंटचा सांधा वरून चांगला दिसतो, पण आत लोखंड धरत नाही.

तो तसाच साकवावर गेला. एक बाई डोक्यावरचा भारा उतरवून कठड्याला टेकली होती. धाकूने तिला बाजूला व्हायला सांगितले. त्याने सगळे सांधे न्याहाळले. रंगाखाली सगळे सारखेच दिसत होते.

दुपारी तो घरी परतला. आठ दिवस कठडा टिकला, म्हणजे पुढेही टिकेल, असे तो मनाला सांगत होता. आपण होऊन सांगितले तर पुन्हा काम कोण देणार? शेवटी त्याने बायकोला, रुक्माला, सगळे सांगितले.

रुक्मा म्हणाली, "लोकांचे नंतर पाहू. आधी साकवाला आडवा दोर बांधून या."

दोर बांधून धाकू सरपंच राऊळबाईंकडे गेला आणि त्याने झाले ते सांगितले. कुठला सांधा कच्चा आहे, असे त्यांनी विचारले.

"तेच ठाऊक नाही, बाई," धाकू म्हणाला. "म्हणून सगळेच घणाने ठोकून पाहायला हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोक सुरू झाली. साकव बंद, त्यामुळे लोकांना लांबून वळसा पडला. ते काठावर उभे राहून कुरकुरत होते. दहा सांधे झाले, वीस झाले, सगळे पक्के निघाले. उगाच चांगल्या कामाची नासधूस चालली आहे, असे कोणीतरी म्हणाले आणि बाकीचे हसले. आपलाच समज चुकला की काय, असे त्यालाही वाटू लागले.

सत्ताविसाव्या सांध्यावर घण पडला आणि अख्खा गज निखळून खाली ओढ्यातल्या खडकावर आपटला. शाळेला जाताना मुले मासे पाहायला वाकत, नेमकी तीच जागा. मग कोणी हसले नाही. लोक खाली उतरले आणि तो गज वर काढू लागले.

असे सहा सांधे कच्चे निघाले. धाकूने ते घासून पुन्हा जोडले आणि ठोकून पाहिले. त्याला कामे मिळत राहिली. पण पावसाळा सरेपर्यंत साकवावरून जाताना तो कठडा हलवून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे.

तात्पर्य: दोष सापडला की तो काढून टाकणे हे अर्धेच काम असते, तो दोष असताना आपल्या हातून जे घडले, ते मागे जाऊन तपासले आणि उघडपणे सांगितले, तरच दुरुस्ती पुरी होते.