चुंबकाची दाढी

हत्यारं माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका गिरणीच्या तोंडाशी चुंबक बसवला होता. दाण्यांतले खिळे तो झेलायचा, म्हणून खालचे दगड निर्धास्त फिरायचे. झेलता झेलता त्याला खिळ्यांची ही एवढी दाढी आली.

पीठ झाडायचा कुंचा म्हणाला, "ये, तोंड पुसतो तुझं."

"हात लावू नकोस! माझी कमाई आहे ती. दिसू दे चार लोकांना."

"अरे, भरल्या ओटीत आणखी काय मावणार?"

चुंबकानं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्या येसूबाईच्या ज्वारीतला खिळा त्या दाढीवरून घसरला नि थेट खाली गेला. दगडाचा टवका उडाला.

गिरणीवाला भडकला, "येसूबाई, दाणे निवडून आणायची रीत नाही का तुमच्यात?"

चार बायांदेखत म्हातारी मान खाली घालून निघाली. दगड कण्हत म्हणाला, "चुंबका, खरं सांग की!" चुंबकानं दाढीआड तोंड लपवलं.

ती गेल्यावर तो कुंच्याला म्हणाला, "खरवड बाबा, सालटं निघालं तरी चालेल."

आठवड्यानं येसूबाई आली. दाणा न् दाणा निवडलेला. लख्ख चुंबकाकडे बघून म्हणाली, "नीट बघ रे लेकरा, माझ्याकडून पुन्हा चूक नको व्हायला."