भिंत चाटणाऱ्या गाई

फार मागे, समुद्रकाठच्या एका राज्यात मिठागरं होती. पिकलेल्या मिठाचा दहावा हिस्सा राजाचा. उधाणात मीठ वाहून गेलं, तर मालकाने तसं सहीनिशी लिहून द्यायचं. मग हिस्सा माफ होई आणि राजाच्या कोठारातून वर्षाचं भातही मिळे.

एका वर्षी मोठं उधाण आलं. एका विधवेचं मिठागर बांधासकट गेलं. शेजारच्या मालकाचा बांध मात्र टिकला, आणि त्याला मोह झाला. त्याने सगळं मीठ डोंगराखालच्या जुन्या गोठ्यात हलवलं, दार मातीने लिंपून टाकलं आणि अर्ज दिला, 'माझं मीठ कणभरही उरलं नाही.'

अंमलदार म्हातारा होता. त्याने अर्ज वाचून परत पुढे सरकवला.

"चुकून काही लिहिलं असेल तर आजच खोडा. आज खोडलं तर गुन्हा नाही."

"खोडायचं काय त्यात? जे घडलं ते लिहिलंय," मालक म्हणाला.

कोठारात भात बेताचंच होतं. ते दोघांत वाटलं गेलं. विधवेच्या घरचं दिवाळीआधीच संपलं आणि तिची चूल एका वेळेवर आली.

इकडे पावसाळी हवेने मिठाला पाणी सुटलं, ते गोठ्याच्या भिंतीत मुरलं. गावच्या गाई कुरण सोडून तिथे जाऊ लागल्या. मालक काठी घेऊन धावला.

"चांगलं गवत टाकून इथं काय ठेवलंय तुमचं?"

एक म्हातारी गाय शांतपणे म्हणाली, "भिंत खारट लागते, मालक. तुमचा अर्ज काही आम्हाला वाचता येत नाही."

हे गावाने पाहिलं, मग अंमलदारानेही. दार फोडलं तेव्हा मीठ छपरापर्यंत रचलेलं होतं.

मालक हात जोडून म्हणाला, "दुप्पट हिस्सा घ्या, पण मला सोडा."

"हिश्शाचा दंड मिठाने फिटेल," अंमलदार म्हणाला. "पण सही करून सरकारला खोटं लिहून दिलंत, त्याला तीन वर्षं कैद आहे. ती मिठाने फिटत नाही."

दंडाचं मीठ विकून विधवेचा बांध पुन्हा घातला गेला. मालक तीन वर्षं कैदेत राहिला. तिथलं जेवण अळणी असे.

तात्पर्य: बुडवलेला कर मागाहून भरता येतो, पण सहीनिशी लिहिलेलं खोटं भोगूनच संपवावं लागतं.