पाण्याखालच्या दोन ओळी

"किती झाले म्हणालास?"

"एक्केचाळीस, मास्तर." मकरंद हिरवेने संदर्भसूचीची पानं पुढे सरकवली. "एका तळ्यावर एक्केचाळीस दाखले! आमच्या विभागात आजवर कुणी एवढे दिलेले नाहीत."

खोटं नव्हतं ते. दोन वर्षं पोरगा नऊ ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवत होता. कोरेवाडीचं तळं रायाजी देशमुखांनी बांधलं, हे त्याच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण. आठ दिवसांनी प्रबंध द्यायचा होता, आणि त्याआधी दस्तगीर मास्तरांची शाबासकी घ्यायला तो आला होता. का नाही येणार? तळ्यावरचा शिलालेख चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाचला तो मास्तरांनीच. मकरंदला दगडावरची अक्षरं लावायला शिकवलं तेही त्यांनीच. असा गुरू आणि असा शिष्य... पंचक्रोशीत दुसरी जोडी दाखवा म्हणावं!

मास्तरांनी पानं डोळ्यांजवळ नेली. मोतीबिंदूपुढे काही चालेना. तशीच खाली ठेवली.

"पहिला दाखला कुणाचा?"

"तुमचा." मकरंदची छाती फुगली. "तुमचं पुस्तक. पुढचे चाळीसही तुमचाच हवाला देतात. एकानेही वेगळा सूर काढलेला नाही."

"आणि दगड काय म्हणतो?"

"...दगड?"

"गेला होतास का बघायला?"

मकरंद हसला. "तुम्ही वाचलेला दगड मी पुन्हा काय वाचायचा, मास्तर? तो तर गुरूवर अविश्वास झाला."

मास्तर उठले, टोपी घातली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मकरंदच्या स्कूटरवर मागे जाऊन बसले.

"तळ्यातला गाळ काढतायत, पेपरात आलंय. चल. आणि आतून मूठभर पीठ घेऊन ये."

कोरेवाडीचं तळं कधी आटत नाही, अशी त्याची ख्याती. मकरंदनेही ते फोटोत पाहिलेलं, काठोकाठ भरलेलं. आज गाळ काढायला उपसलेलं, आत टिपूस नव्हता. पायऱ्यांच्या कडेला उभा असलेला लेखाचा दगड त्याला कमरेएवढा वाटला होता. तो चांगला पुरुषभर उंच निघाला.

मास्तर चाचपडत दगडापाशी गेले. त्याच्या मध्यावर त्यांनी हात आडवा ठेवला.

"मी आलो तेव्हा पाणी इथवर होतं."

एवढंच म्हणाले. मकरंद त्या हाताकडे बघत राहिला.

मग त्याने दगडाच्या खालच्या भागावरचा वाळका गाळ खरवडला आणि अक्षरांवर पीठ चोळलं. काळ्या दगडातून पांढऱ्या ओळी वर आल्या. वरच्या पाच त्याला तोंडपाठ होत्या. पाचवी 'रायाजी देशमुख' या नावावर संपत होती, आणि मास्तरांचं वाचनही तिथंच संपलेलं होतं.

खाली आणखी दोन ओळी होत्या.

"वाच."

मकरंदने मनात वाचलं. डोळे पुसले, पुन्हा वाचलं. 'यांचे अमलात जानाई तेलीण इणे तळे बांधिले.'

अंमल तेवढा देशमुखांचा... तळं नव्हे.

त्याची दोन वर्षांची मेहनत गेली, हे तर होतंच. पण शेजारी हा ताठ म्हातारा उभा होता, आणि चाळीस पुस्तकांतून मानाने छापलं गेलेलं त्याचं नाव होतं.

"काय लिहिलंय?"

मकरंदने पिठाचा हात पँटला पुसला.

"झिजलंय, मास्तर... काहीच लागत नाही."

मायेपोटी बोलला बिचारा. पण खोटं ते खोटंच.

मास्तर गुडघ्यावर हात टेकत ओल्या गाळात खाली बसले. म्हाताऱ्याचं बोट दगडावर टेकलं आणि अक्षराच्या खाचेतून सावकाश फिरू लागलं. एका जागी थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं.

"जा... ना... ई," मास्तर म्हणाले. "ते... ली... ण."

मकरंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चांगलं ठसठशीत आहे की रे! पाथरवटाने कसूर केलेली नाही."

"मास्तर, मी..."

"तुझं प्रकरण गेलं, मकरंद."

"जाऊ दे हो ते! मुदत मागेन, नव्याने लिहीन. दगड आधी बघितला नाही ती चूक माझी, मी भोगेन. पण तुमचं काय? शिलालेख म्हटलं की अख्खा जिल्हा तुमच्याकडे बोट दाखवतो. ते नाव मी माझ्या हाताने खाली आणू?"

मास्तरांचं बोट अजून दगडावरच.

"असं करतो," मकरंद घाईघाईने म्हणाला. "तळटीपेत एवढंच घालतो, की पूर्वीच्या काही अभ्यासकांचा तसा समज होता. नाव कुणाचंच नको. कुणाला कळणारही नाही."

मास्तरांनी हात पुढे केला. मकरंदने आधार देऊन त्यांना उठवलं. उठल्यावर त्यांनी त्याचा हात बाजूला केला, बोटाचं पीठ झटकलं आणि टोपी नीट बसवली. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा ते वर्गात असेच उभे राहायचे. कुणापुढे मान म्हणून वाकवली नव्हती गड्याने.

"आधी तिचं नाव लिही. तिच्याखाली माझं."

"मास्तर..."

"त्या चाळीस जणांची चूक उसनी आहे, बाळ. माझी स्वतःची आहे... नाव घालून लिही."