भिवराबाईच्या मोटारीची आंघोळ

फार फार वर्षांपूर्वी, ढग डोंगर उतरून लोकांच्या अंगणात येऊन बसायचे तेव्हा, एका गावात भिवरा नावाची बाई राहायची. तिच्याकडे एक निळी मोटार होती. त्या काळात मोटार कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत होती म्हणजे होती!

मोटारीच्या इंजिनाशेजारी, उबेला, एक मांजरी झोपायची. गाडी सुरू करण्याआधी भिवरा बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "ऊठ गं बये!" मग मांजरी आळस देत खाली उतरायची.

भिवराची एकुलती एक लेक घाटापलीकडच्या गावात दिली होती. पोर पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण घाटाचे धक्के सोसणार नाहीत म्हणून ती सासरीच राहिली होती. एका दुपारी घाटावरून एक ढग तरंगत आला आणि भिवराच्या कानाशी लागून म्हणाला, "लेकीनं सांगितलंय, उद्या उजाडताच निघ. तू जवळ नसलीस तर मला धीर धरवणार नाही."

भिवरा नुकतीच मोटारीनं बाजारातून डिंक, खोबरं घेऊन परतली होती. तिनं लगबगीनं बॉनेट उघडलं. आत तेलाचा राप, धूळ, वाळका पाचोळा.

"अगंबाई! असलं ध्यान घेऊन विहिणीच्या दारात जाऊ होय?"

भिवराचं माहेर बैलवाल्यांचं. बेंदराच्या सणाला तिचा बाप बैलांना नदीत उभं करून न्हाऊ घालायचा. दमूनभागून आलेल्या जिवावर पाणी ओतायचं, हीच माया तिनं लहानपणापासून पाहिलेली. तिनं विहिरीचं गार पाणी शेंदलं आणि घागर उचलली.

"बाई, थांब गं," मांजरी म्हणाली. "आत माझासुद्धा पाय ठरत नाही, इतकं तापलंय. आधी निवू दे."

"तू मला शिकवणार? जन्मात कधी आंघोळ केलीयस का?"

"रोज करते की."

"चाटायचं आणि म्हणे आंघोळ! कावळ्याची आंघोळ तरी बरी."

असं म्हणून भिवरानं घागर उपडी केली. चर्रर्र आवाज झाला आणि वाफेचा एक पांढराशुभ्र ढग उठून छपरावर जाऊन बसला. भिवरा खूश. तिनं आणखी एक घागर ओतली, मग आणखी एक.

सकाळी तिनं किल्ली फिरवली. आतून टक् असा आवाज आला आणि मोटार गप्प झाली. पुन्हा फिरवली, तरी गप्पच. मग मात्र भिवराचं अवसान गळालं. ती चाकाला टेकून मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"माझी पोर वाट बघतेय गं! आता मी काय करू?"

बघ, सांगत होते ना, असं दुसरं कुणीही म्हणालं असतं. मांजरी म्हणाली नाही. "लोखंड तडकलं नाही हे नशीब समज," ती म्हणाली. "वायरींत पाणी गेलंय. बॅटरीची काळी वायर आधी सोडव, आणि कोरडं फडकं आण."

भिवरानं वायरीची टोकं एकेक करून पुसली. अंगणात ढग ठिय्या मारून बसले होते, त्यांना सुपानं हाकललं, तेव्हा कुठे इंजिनावर ऊन पडलं. ऊन आपलं काम करत होतं आणि मांजरी पंजा चाटत सांगत होती. "आधी निववायचं. मग ती काळी वायर सोडवायची. बॅटरी मेणकापडानं झाकायची, आणि इंजिन जिथून हवा घेतं ते तोंडही. धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची, आणि रिठ्याच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून थोडं थोडं पुसायचं. ओतायचं काहीच नाही. रॉकेल तर जवळसुद्धा आणायचं नाही. आणि पुरतं वाळेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही."

सगळं वाळल्यावर भिवरानं काळी वायर पुन्हा जोडली.

दुपार कलल्यावर मोटार एकदाची घरघरली. मांजरीला शेजारी बसवून भिवरानं घाट कसा ओलांडला, तिचं तिला कळलं नाही. दिवेलागणीला ती लेकीच्या दारात पोचली, तो आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

लेक उशीवर मान टाकून पडली होती. "आई," ती म्हणाली, "फार हाका मारल्या गं तुला."

भिवराच्या काळजात चर्र झालं. लेकीचा हात धरून ती नुसती बसून राहिली. विहीणबाईंनी मोटारीकडे ढुंकूनही बघितलं नाही. कोण बघतं हो!

सकाळी बाळाला न्हाऊ घालायची वेळ आली. विहीणबाईंनी कढत पाण्याचा तांब्या पुढे केला.

"थांबा," भिवरा म्हणाली. "निवू द्या जरा."

तिनं कोपर बुडवून पाणी पाहिलं. गार पाण्याचं विसण घातलं, पुन्हा पाहिलं. मग बाळाचे कान तळव्यानं झाकले आणि ओंजळीतून थोडं थोडं पाणी सोडलं. बाळ रडलं नाही. उंबऱ्यावर बसलेली मांजरी पंजा चाटत बघत होती.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माया आपल्या सवयीनं करू नये, समोरच्याला सोसेल तशी करावी.