हात चौकटीबाहेर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध कॅमेरामन राहत होते. पंचक्रोशीतली निम्मी लग्ने, मुंजी आणि निरोपसमारंभ त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेले. सारे त्यांना नाना म्हणत. नानांच्या कामात एक वैगुण्य आहे, असे नव्या मंडळींचे मत होते. त्यांचा कॅमेरा हलत नसे. एकदा तिपाईवर चढला की पाटावर बसलेल्या जावयासारखा जागचा उठत नसे.

त्यांच्याकडे रेवती नावाची एक तरुणी शिकायला आली. शहरात दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेली. तिच्याजवळ गिंबल नावाचे ते साधन होते, जे हातात धरून माणूस धावत सुटला तरी चित्र डचमळत नाही. रेवतीचा कॅमेरा एका जागी ठरत नसे. तो नवरदेवाभोवती प्रदक्षिणा घाली, दाराच्या फटीतून आत शिरे, समईच्या ज्योतीवरून सरकत वधूच्या डोळ्यांपाशी येऊन थांबे. तिचे काम सुंदर होते, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हातारे तेवढे शहाणे आणि तरुण तेवढे उथळ, असली गोष्ट मी सांगतो आहे असे तुम्हाला वाटेल, आणि तसल्या गोष्टींचा मला स्वतःला कंटाळा आहे.

त्याच गावात श्रीपतराव नावाचे एक गृहस्थ होते. जन्मापासून ऐकू येत नव्हते, त्यामुळे बोलणेही फुटले नाही. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचे आयुष्य गेले. धाकटी बहीण अनसूया, तीही तशीच. लहानपणी या दोघांनी मिळून हातांची एक भाषा घडवली होती. ती कुठल्याही शाळेत शिकवली गेली नव्हती आणि ती पुरती जाणणारी माणसे जगात दोनच होती. पुढे श्रीपतराव लिहायला-वाचायला शिकले. अनसूयाबाईंच्या वाट्याला अक्षर कधी आले नाही. लग्न होऊन त्या दूर विदर्भातल्या एका खेड्यात गेल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

एके दिवशी त्यांच्या मुलाचा, मुकुंदाचा, मोबाइलवर निरोप आला. “मामा, आईचा एक डोळा मागेच गेला, तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. शुक्रवारी शहरातले डॉक्टर येणार आहेत. या खेपेला ऑपरेशन झालं नाही तर हाही डोळा जाईल म्हणतात. पण नंतर एक दिवस डोळ्यावर पट्टी राहणार, हे कळल्यापासून आई खोलीच्या बाहेर येत नाही. माझं ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तरच ऐकेल.”

पट्टीचे एवढे भय कशाला, असे आपल्याला सहज वाटते. आपले डोळे बांधले तर कुणाचा तरी आवाज कानावर पडतो, भांड्यांची खडबड ऐकू येते, माणसे आसपास आहेत हे समजते. अनसूयाबाईंना यातले काहीच नव्हते. त्या ऐकत होत्या त्या डोळ्यांनीच. तो एक डोळा झाकला की त्यांच्यापुरते जग संपणार होते, आणि ते पुन्हा सुरू होईल हे त्यांना कोणत्या खुणेने पटवायचे?

श्रीपतरावांचे मांडीचे हाड मोडून सहा महिने झाले होते. काठी टेकत अंगणापर्यंत जात, तेवढेच. प्रवास अशक्य. व्हिडिओ कॉल लावावा तर त्या खेड्यात रेंज इतकी तुटपुंजी की चित्र अडखळे आणि हात अर्ध्यावर गोठून राहत. तेव्हा त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून नानांना विनंती केली, की माझे बोलणे चित्रित करून पाठवावे. नानांनी ते काम रेवतीवर सोपवले आणि स्वतः एका लग्नाला निघून गेले.

रेवतीने मन लावून काम केले, यात शंका नाही. फुलाफुलांच्या पडद्याआडून येणारा प्रकाश तिने श्रीपतरावांच्या खांद्यावर घेतला. म्हातारबांनी चौकड्यांचा सदरा घातला होता, तोही तिला शोभिवंत वाटला. बारा मिनिटे ते हातांनी बोलत होते. बोलता बोलता त्यांना लहानपणचे काहीतरी आठवले आणि डोळे भरून आले. रेवतीचा कॅमेरा अलगद पुढे सरकू लागला. खांद्यापाशी आला, हनुवटीपाशी आला, चेहऱ्यापाशी आला आणि पापणीवर थरथरणाऱ्या त्या थेंबापाशी थांबला. त्या वेळी हात खाली आपले बोलतच होते. तिने नंतर त्या बारा मिनिटांची तीन मिनिटे केली आणि मागे बासरी टाकली. बहिऱ्या बाईला पाठवायच्या चित्राला बासरी! हसू नका. सुंदर काही करावे या भरात कुणासाठी करतो आहोत, हे आपण सगळेच विसरतो.

तिसऱ्या दिवशी रेवतीच्या मोबाइलवर मुकुंदाचे उत्तर आले. “आईला टीव्हीवर लावून दाखवलं. मामा रडतोय, एवढंच तिला दिसलं. आता काही उरलं नाही म्हणून मामानं शेवटचा निरोप घेतला, असं ती मला खुणेनं सांगते. काल दुपारपासून जेवली नाही.”

रेवतीने मूळ चित्रण धुंडाळले. पण जे चौकटीत आलेच नव्हते ते आता कुठून काढणार? मोबाइल घेऊन ती नानांकडे गेली. नानांनी निरोप दोनदा वाचला. मग म्हणाले, “तो कोपऱ्यातला डबा उचल. दळण आणू.”

“नाना, आज मंगळवार आहे. शुक्रवारी डॉक्टर येणार.”

“गिरणी जवळच आहे.”

गिरणीत जोंधळ्याचे दळण चालू होते. पट्ट्याचा आणि जात्याचा असा गडगडाट, की स्वतःचा श्वास स्वतःला ऐकू येऊ नये. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या खोलीत नानांनी डबा गिरणीवाल्याच्या हाती दिला, रेवतीला खिडकीच्या उजेडात उभे केले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बोलू लागले. चांगली पाच मिनिटे बोलले. कपाळाच्या शिरा ताणल्या होत्या, भुवया जुळल्या होत्या, मधेच त्यांनी बोटही उगारले. रेवतीला एक अक्षर ऐकू आले नाही. बोलणे संपताच नाना वळून बाहेर गेले आणि चिंचेखालच्या कट्ट्यावर बसले.

रेवती मागोमाग आली. तिचा चेहरा उतरला होता.

“काय म्हणालो मी?” नानांनी विचारले.

“ऐकू नाही आलं.”

“चेहरा तर नीट दिसत होता ना? उजेडात उभा होतो मुद्दाम.”

“दिसत होता.”

“मग त्यावरून काय वाटलं?”

“तुम्ही रागावलात.” रेवती खाली बघत म्हणाली. “बरोबरच आहे तुमचं. चूक माझीच आहे.”

“मी तुझं कौतुक करत होतो, पोरी. गिरणीत बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडताना माणूस रागावल्यासारखाच दिसतो.”

नाना कुणाचे कौतुक करत नसत. रेवती दोन वर्षे त्या एका शब्दाची वाट पाहत होती. तिने मान वर केली. “काय म्हणालात? पुन्हा सांगा ना.”

“आता तसं नाही येणार. तेव्हा मनापासून आलं होतं.”

रेवती कट्ट्यावर बसली. तिला रडू येत होते, आणि ते कौतुक हुकल्याचे की अनसूयाबाईंच्या उपवासाचे, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. नाना सावकाश बोलू लागले.

“चौकट धरली की आपण थोडं आत घेतो आणि बाकी सगळं जग बाहेर टाकतो. टाकण्याआधी एवढं विचारावं, की या माणसाचं बोलणं कुठं आहे. कुणाचं डोळ्यात असतं, कुणाचं नुसतं पाठमोरं उभं राहण्यात असतं. श्रीपतरावांचं हातात आहे. तू त्यांचे अश्रू घेतलेस, ते खरेच होते. पण हात सुटले, म्हणून खरे अश्रू खोटं बोलले. आणि कॅमेरा हलवतेस तेव्हा बघणाऱ्याचा हात धरून तू त्याला कुठंतरी नेतेस. तिथं नेण्याजोगं काही असलं पाहिजे.”

“म्हणजे कॅमेरा हलवूच नये?”

“असं कोण म्हणालं? मी हलवत नाही तो काही सिद्धांत नाही. माझे गुडघे धरतात. तुझे धरत नाहीत, ही देवाची कृपा समज.”

दळण झाले. डबा घरी ठेवून दोघे थेट श्रीपतरावांकडे गेली.

रेवतीने झाला प्रकार कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. आपली चूकही लिहिली, काही लपवले नाही. श्रीपतरावांनी त्याखाली लिहिले, “मी आईच्या आठवणीने रडलो. अनसूयेसाठी नाही. पुन्हा सांगतो. पहिल्यासारखे जमेल की नाही, माहीत नाही.”

या खेपेला रेवतीने कॅमेरा पिशवीतून काढायलाच अर्धा तास लावला. आधी तिने श्रीपतरावांना बोलून दाखवायला सांगितले आणि त्यांचे हात वर कुठवर जातात, खाली कुठवर येतात, बाजूला किती पसरतात, तिथे तिथे मागच्या भिंतीवर खडूने खुणा केल्या. फुलांचा पडदा काढून टाकला, चौकड्यांचा सदरा बदलून साधा पांढरा घालायला लावला. त्या पांढऱ्यावर त्यांचे सावळे हात ठसठशीत उठून दिसू लागले. अंधुक डोळ्याच्या बाईला हे टीव्हीवर दिसायचे आहे, हे तिने मनाशी धरून ठेवले होते. तिपाई मांडली, चारी खुणा चौकटीत आल्या आहेत हे पाहिले, भिंत पुसून तिच्यावर पांढरे धोतर ताणले आणि मग खूण केली.

श्रीपतराव बोलू लागले. सुरुवातीला हात जड होते, मग मोकळे झाले. कॅमेरा तसूभर हलला नाही. त्यांचे डोळे याही वेळी भरून आले, रेवतीने ते पाहिले, पण ती जागची हलली नाही.

दहाव्या मिनिटाला श्रीपतराव थांबले. त्यांनी बाजूला बसलेल्या नानांना जवळ बोलावले, त्यांचा हात ओढून घेतला, तळवा उताणा केला आणि आपले बोट त्यावर टेकवले.

रेवतीने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिले. दोन्ही हात चौकटीत होते, नियमात काही खोट नव्हती. पण एवढ्या लांबून ते बोट मुंगीएवढे दिसत होते. अनसूयाबाईंना ते कधीच दिसले नसते. तिने नानांकडे पाहिले. नानांचा हात अडकलेला आणि तोंड दुसरीकडे. ते काही सांगायच्या स्थितीत नव्हते, किंवा असूनही सांगणार नव्हते. रेवतीने एका हाताने श्रीपतरावांना थांबायची खूण केली, कॅमेरा तिपाईवरून उतरवला, गिंबलवर चढवला आणि मान हलवून पुन्हा सुरू करायला सांगितले. मग ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली. श्रीपतरावांचा चेहरा चौकटीतून गेला, खांदे गेले, नानांची बंडी गेली. अखेर पडद्यावर एक तळवा आणि एक बोट एवढेच उरले. बोटाने मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली आणि तळव्याच्या मधोमध तीनदा टकटक केले. पुन्हा रेघ, पुन्हा तीनदा. चित्र एकदाही हलले नाही.

नंतर श्रीपतरावांनी कागदावर लिहिले, “लहानपणी दिवा गेला की आम्हाला एकमेकांचे हात दिसत नसत. तेव्हा असे बोलत होतो. याचा अर्थ, मी इथेच आहे. मुकुंदाला सांगा, पट्टी असेपर्यंत त्याने असे करावे.”

चित्रण त्याच दिवशी अखंड पाठवले. बासरीशिवाय. बुधवारी मुकुंदाचा निरोप आला, की आईने ते चार वेळा लावायला लावले आणि चौथ्यांदा पाहून झाल्यावर ताट मागितले.

शनिवारी सकाळी त्याच्याकडून एक व्हिडिओ आला. श्रीपतराव, नाना आणि रेवती, तिघांनी मिळून तो पाहिला. मुकुंदाने एका हाताने मोबाइल धरला असावा, कारण चित्र तिरपे होते. निम्म्या पडद्यावर खाटेची कड आणि पाण्याचा तांब्या. अनसूयाबाईंचे कपाळ चौकटीत कापले गेले होते, नुसती पट्टीची खालची कड आणि हनुवटी दिसत होती. पण त्यांचा तळवा पुरता आत होता. मुकुंदाचे बोट त्यावरून लांब रेघ ओढत गेले आणि तीनदा टेकले. क्षणभर काहीच झाले नाही. मग त्या म्हाताऱ्या हाताने चाचपडत मुलाचा हात धरला, उताणा केला, आणि त्यावर तशीच रेघ ओढून तीनदा टकटक केली.

“कपाळ कापलंय,” नाना म्हणाले. “चित्र वाकडं आहे. तांब्या मधे आलाय. शिकवण्याजोगं बरंच आहे नाही त्याला?”

“काही शिकवायला नको, नाना,” रेवती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत.

श्रीपतरावांनी तिच्याकडे पाहिले. त्यांनी तिचा हात घेतला, तळवा उताणा केला, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सावकाश एक रेघ ओढली आणि मधोमध तीनदा बोट टेकवले.

हल्ली आपण दिवसभर कुणा ना कुणावर कॅमेरा रोखून असतो. रोखण्यापूर्वी एवढेच पाहावे, की त्या माणसाचे हात आत आले आहेत ना.