सात चंद्रांचं कौतुक

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर ग्रंथपाल कुमुदिनी ठोसर नव्या अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांबद्दल मनाला येईल ते लिहीत. यंत्रमानवाच्या प्रेमकथेवर त्यांनी लिहिलं होतं, "यंत्र जिवंत वाटतं, माणसांना मात्र तेल घालायला हवं." लोक आधी फळा वाचत, मग पुस्तक नेत.

पण वाचनालयाचे अध्यक्ष भार्गवराम सरंजामे यांच्या नऊशे पानी कादंबरीवर बाईंनी लिहिलं, "आकाशात सात चंद्र आहेत, तरी गोष्ट काही दिसत नाही." सरंजामे खवळले.

त्यांच्या सत्काराला तीन मान्यवरांनी कादंबरीची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली आणि लेखकाच्या सहीसाठी आपापल्या प्रती टेबलावर ठेवल्या. सरंजाम्यांनी पेन उघडलं आणि भर सभेत बाईंना उभं केलं.

"हे तिघे विद्वान भारावून गेले आणि तुम्हालाच तेवढा कंटाळा आला? माफी मागा, नाहीतर उद्यापासून तो फळा बंद!"

बाईंनी टेबलाकडे नीट पाहिलं आणि हात जोडले.

"माफ करा, सर. चूक माझीच. या तिघांनी पुस्तकावरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मी काढलं."

सभागृहात हशा उसळला. सरंजामे मात्र उघडं पेन हातात धरून, सही नेमकी कुठे करायची, ते शोधत राहिले.